संहिता अर्ध्या तासाची, रात्र पहाटे अडीचपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना विभागाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी शेक्सपिअरच्या काळातला कवी-नाटककार बेन जॉन्सन याचं 'ओबेरॉन' बसवायचं आहे. हा १ जानेवारी १६११ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झालेला मास्क, म्हणजे गाणी, नाच, सोंगं आणि देखावे यांचा दरबारी खेळ. त्या लिहितात: "मोठ्याने वाचलं तरी जेमतेम अर्धा तास. गोष्ट नाही, संघर्ष नाही, ज्याच्या नावाने हे सगळं आहे तो ओबेरॉन एक शब्द बोलत नाही. यावर दरबाराने एवढा पैसा का ओतला? हे नाटक, ऑपेरा की आपल्या संगीत नाटकासारखं काही? माझ्याकडे चाळीस मुलं, एक सभागृह आणि एक हार्मोनियम आहे. जमेल का?"

जमेल. पण त्याआधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वीसेक वर्षं इंग्लंडात ल्यूट नावाचं जुनं तंतुवाद्य वाजवतो, बहुतेक हौशी गटांबरोबर. त्यातले पाच-सहा प्रयोग मास्कचे किंवा मास्कच्या तुकड्यांचे होते. विद्वान नाही, खुर्च्या लावणं, नाच शिकवणं आणि तुटलेल्या तारा बदलणं यातून जे कळलं तेवढंच सांगू शकतो.

तुमची अडचण संहिता कंटाळवाणी आहे ही नाही. तुम्ही लग्नपत्रिका वाचून लग्न कसं झालं ते शोधताय, ही आहे. पत्रिकेत नावं असतात, मुहूर्त असतो, दोन संस्कृत ओळी असतात. वरात, रुसवेफुगवे आणि पंगत त्यात नसते. मास्कची छापील संहिता तशीच आहे. जॉन्सनने आपले शब्द काळजीपूर्वक छापून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्या इनिगो जोन्सची शेकडो रेखाटनं चॅट्सवर्थच्या संग्रहात आहेत, तीही सुदैवाने वाचली. संगीताचं मात्र बरंच गेलं आणि नाचाच्या पावलांचं तर जवळजवळ सगळंच. त्यामुळे आज मास्क म्हटलं की आपण कवीची बाजू ऐकतो. त्या रात्री हॉलमध्ये बसलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने वेगळंच सांगितलं असतं.

याला पुरावा हिशेबाच्या वहीतला आहे. 'ओबेरॉन'नंतर महिन्याभराने, ३ फेब्रुवारी १६११ ला, राजा जेम्सची राणी ॲन हिच्यासाठी 'लव्ह फ्रीड फ्रॉम इग्नोरन्स अँड फॉली' झाला. त्याच्या खर्चाच्या नोंदीत जॉन्सनला ४० पौंड, जोन्सलाही ४० पौंड, गाण्यांना चाली लावणाऱ्या अल्फोन्सो फेराबोस्कोला २० पौंड, आणि नाच शिकवणाऱ्या कन्फेस नावाच्या मास्तरला ५० पौंड! पावलं बसवून घेणाऱ्या दुसऱ्या एका मास्तरला आणखी २० पौंड आहेतच. कवीपेक्षा नाचाचा मास्तर महाग. मला स्वतःला मास्क कळला तो ही यादी वाचल्यावर.

आता हॉल डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला मंच. त्याच्या समोर, दुसऱ्या बाजूला, उंच चौथऱ्यावर राजाचं आसन. तिन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांची बैठक. आणि मधोमध मोठी मोकळी जमीन. मास्क होतो तो त्या मोकळ्या जमिनीवर. मंच म्हणजे फक्त ज्या दारातून वरात येते ते दार. सोंगं काढणारे आणि बोलणारे लोक धंदेवाईक नट. शेक्सपिअरच्या मंडळीतलेही त्यात असत. मुख्य 'मास्कर' मात्र राणी, राजपुत्र, सरदार, त्यांच्या बायका. हे लोक बोलत नसत, कारण पैसे घेऊन बोलायचं काम नटाचं. ते नुसते प्रकट व्हायचे, मंचावरून खाली उतरायचे, बसवलेले नाच करायचे, आणि मग बैठकीतल्या लोकांचा हात धरून त्यांना नाचायला ओढायचे. या शेवटच्या भागाला 'रेव्हल्स' म्हणतात. छापील पुस्तकात त्यावर एक ओळ असते: इथे त्यांनी स्त्रियांबरोबर गॅलिअर्ड आणि कोरांटो हे नाच केले. एक ओळ! प्रत्यक्षात त्यात तासन्‌तास जायचे. तुमच्या अर्ध्या तासाचं कोडं बहुतांशी या एका ओळीत आहे.

'ओबेरॉन' मुका का, तेही आता लक्षात येईल. ओबेरॉन होता युवराज हेन्री, वय सोळा. खडकाळ अंधार, चंद्र उगवतोय, सटर नावाचे अर्धे बोकड-अर्धे माणूस धिंगाणा घालतात. खडक फुटतो आणि आत चमकता महाल दिसतो. तोही उघडतो आणि दोन पांढऱ्या अस्वलांच्या रथातून राजपुत्र येतो. तो येणं हीच घटना. पुढचा राजा दरबाराला पहिल्यांदा असा दिसतोय, यापेक्षा मोठं कथानक त्या हॉलला नको होतं. (पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १६१२ मध्ये, तो वारला. ते माहीत असताना संहिता वाचली की ती एवढी कोरडी वाटत नाही.)

संगीत नाटकाशी तुलना मीही सुरुवातीला करायचो, आता करत नाही. आपलं पद पात्राच्या तोंडी असतं, त्याच्या सुखदुःखाचं असतं, आणि वन्स मोअरने गोष्ट थांबते ती थांबण्याजोगी असते म्हणून. मास्कमधलं गाणं कुणाच्या मनातलं नसतं. ते कामाला असतं: हे आले, हे उतरले, आता नाचा, आता पहाट झाली, निघा. ऑपेराही नव्हे, पण ऑपेराच्या वाटेवरची एक पायरी म्हणता येईल. १६५३ चा 'क्युपिड अँड डेथ' हा मास्क आणि त्यापुढे संगीतकार पर्सेलची रंगभूमीवरची कामं बघितली तर ती वाट दिसते. एवढं पुरे, तुम्हाला प्रयोग करायचा आहे, पेपर लिहायचा नाही.

हे नाटक आहे की नाही, या वादात खुद्द कर्त्यांचंच पटलं नाही. जॉन्सनचं म्हणणं, शब्द हा आत्मा, बाकी शरीर. शरीर एका रात्रीत जातं. जोन्सला हे मान्य होणं शक्य नव्हतं. पंचवीसेक वर्षं दोघांनी एकत्र काम केलं आणि १६३१ मध्ये छापील पानावर कुणाचं नाव आधी यावरून कायमचं फाटलं. जॉन्सनने मग कवितेतून टोमणा मारला की चित्रकाम आणि सुतारकाम हाच आता मास्कचा आत्मा. दरबाराने निवड केली सुतारकामाची: त्यानंतर जॉन्सनला दरबाराचं मास्कचं काम मिळालं नाही. मी वादक असल्याने मला या भांडणात दोघांचाही राग येतो. तिसऱ्याचं, म्हणजे संगीतकारांचं, फेराबोस्को, रॉबर्ट जॉन्सन, लॉझ बंधू यांचं नाव त्यात कुणी काढत नाही.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमचं सभागृह ऐकून तीच आठवली. आमचा पहिला प्रयोग एका चर्चच्या हॉलमध्ये होता. आम्ही खुर्च्या नेहमीसारख्या रांगेत, मंचाकडे तोंड करून लावल्या. संवाद चोख, गाणी चोख, आणि रेव्हल्सच्या जागी आम्हीच आठ जणांनी नाचून दाखवलं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी एका आजोबांनी मला विचारलं, "नाटक मध्यंतरानंतर आहे का?" मध्यंतर नव्हतं. प्रयोग संपला होता. पुढच्या वेळी आम्ही खुर्च्या तीन बाजूंना भिंतीलगत सरकवल्या, मध्ये जमीन मोकळी सोडली आणि शब्द निम्मे कापले. तेच गाणं, तेच लोक. पण मुखवटा घातलेला माणूस मंचावरून उतरून आपल्याच दिशेने यायला लागला की हॉलमधली हवा बदलते. तो मला तर उठवणार नाही ना, असा जो गोळा पोटात येतो, तो मास्कचा खरा रस.

म्हणून पहिला सल्ला: तुमच्या खुर्च्या हलतात का ते बघा. जमिनीला ठोकलेल्या असतील तर सभागृह सोडा आणि जिमखान्यात किंवा अंगणात करा. यावर बाकी सगळं अवलंबून आहे. अंगण असेल तर आवाज हरवेल, मग गाणी कमी आणि वाद्यं जास्त. हॉल असेल तर उलट.

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण दिग्दर्शक म्हणून तो तुमचा सगळ्यात मोठा निर्णय आहे: राजाच्या खुर्चीत कोण? जोन्सचं दृश्य राजाच्या डोळ्यांच्या रेषेवर बेतलेलं असे. तिथून सगळं अचूक दिसायचं, बाजूला जाल तसं वाकडं. त्यामुळे तुम्ही कुठे बसलात यावरून तुमची पत कळायची. परदेशी वकिलाती यासाठी भांडायच्या. जानेवारी १६०८ मधल्या 'मास्क ऑफ ब्यूटी'ला स्पेनच्या राजदूताला बोलावलं आणि फ्रान्सच्याला नाही, यावरून मोठी रुसारुशी झाली. ती खुर्ची रिकामी ठेवली तर मास्क लटका पडतो, हे मी अनुभवलंय. सगळे नट हवेला मुजरा करत राहतात. प्राचार्यांना बसवलंत तर स्तुतीच्या ओळी ऐकून मुलं फुटतील, आणि ते हसूही उपयोगी आहे. मी असतो तर या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांना बसवलं असतं. मग 'हा सगळा प्रकाश तुझ्यामुळे' या ओळी म्हणताना मुलांना त्यांचा अर्थ लागला असता.

चाळीस मुलांपैकी ज्यांना धुडगूस घालता येतो त्यांना सटर करा. या भागाला 'अँटिमास्क' म्हणतात, आणि आजच्या प्रेक्षकाला सगळ्यात जवळचा तोच. त्याचा उगम मजेदार आहे. २ फेब्रुवारी १६०९ च्या 'मास्क ऑफ क्वीन्स'साठी राणी ॲननेच जॉन्सनला सांगितलं की माझ्या नाचाआधी त्याच्या उलट काहीतरी दाखव, म्हणजे आम्ही उठून दिसू. त्याने बारा चेटकिणी आणल्या. त्या वेडेवाकड्या नाचत असताना एकदम सगळी वाद्यं एका ठोक्यात वाजली आणि चेटकिणी, नरक, सगळं नाहीसं होऊन कीर्तीचं मंदिर उभं राहिलं. तो ठोका नुसता परिणामासाठी नव्हता. असे पट आणि चाकं फिरताना होणारी करकर झाकायलाही मोठ्या आवाजाची वाद्यं कामी यायची. तुमचा खडकाचा पडदा अडकणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवा. त्या क्षणी सगळ्या चाळीस जणांच्या हातात वाजवायला काहीतरी असू द्या, ताटं-पराती चालतील.

पडदा अडकल्याचं दुःख करू नका. १६०७ च्या 'लॉर्ड हेज मास्क'मध्ये कवी, संगीतकार आणि धंद्याने वैद्य असलेल्या थॉमस कँपियनने नऊ सोनेरी झाडं बसवली होती. ती जमिनीत खचत जाऊन दुभंगायची आणि त्यातून मास्कर निघायचे. त्याच दिवशी ती पाहुण्यांना दाखवली, लोकांनी वाहवा केली, आणि रात्रीपर्यंत ती नीट जोडलीच गेली नाहीत. प्रयोगात घोटाळा झाला. कँपियनने छापील पुस्तकात लिहून ठेवलंय की हा रंगाऱ्याचा भोळेपणा, हलगर्जीपणा किंवा कट असावा! चारशे वर्षांत नेपथ्यवाले आणि कवी यांच्यातला संवाद फारसा पुढे गेलेला नाही.

याच मास्कमधून एक गोष्ट तुम्ही फुकट उचलू शकता. कँपियनने वादक एका कोपऱ्यात कोंबले नाहीत. एका बाजूला दहा जण, दुसऱ्या बाजूला बारा, उंचावर कॉर्नेट हे फुंकवाद्य वाजवणारे आणि राजाच्या चॅपलचे गायक. एक चमू गायचा, दुसरा प्रतिध्वनीसारखा उत्तर द्यायचा, शेवटी सगळे एकत्र, एकूण बेचाळीस. तुमची मुलं हॉलच्या तीन कोपऱ्यांत उभी करा आणि एकच साधी ओळ फिरवत न्या. मी हे शाळेच्या मुलांबरोबर केलंय. ती बेसूर असतानाही अंगावर काटा येतो.

हार्मोनियम? अवश्य. शुद्धतेवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. या काळातल्या मास्कच्या नाचांच्या पुष्कळ चाली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात आहेत, पण फक्त वरचा सूर आणि खालचा खर्ज. मधले आवाज लिहिलेलेच नाहीत. म्हणजे आम्हीही ते भरूनच वाजवतो. उजव्या हाताने चाल, डाव्याने खर्ज, आणि दोन व्हायोलिनं मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण त्या काळीही नाच व्हायोलिनवाल्यांच्या ताफ्यावरच चालायचे. ल्यूट शोधत बसू नका. एक ल्यूट मोठ्या हॉलमध्ये कुणालाही ऐकू जात नाही. म्हणून ते डझन-डझन वापरायचे. फक्त एक विनंती: तबल्याचा ठेका धरू नका. ठेक्यावर मुलांचे पाय आपोआप गरब्याकडे वळतात. हा अनुभव लेस्टर या इंग्लंडातल्या गुजराती वस्तीच्या शहराचा आहे. लय हवी असेल तर एक साधा ढोल, मात्रेला एक टोला.

रेव्हल्समध्ये काय नाचायचं? गॅलिअर्ड सोडून द्या, त्यात उड्या आहेत आणि त्या यायला महिने लागतात. आल्मान घ्या: तीन पावलं पुढे, चौथ्याला पाय हलकेच वर, जोडीजोडीने हॉलभर फिरायचं. साडी नेसलेल्या पालकांनाही दहा मिनिटांत जमतो. तुमचे बारा प्रशिक्षित मास्कर आधी स्वतःचा नाच करतील, मग प्रत्येकाने बैठकीतला एक माणूस उठवायचा, मग त्या माणसाने दुसरा. या भागाला निदान वीस-पंचवीस मिनिटं द्या. तुम्हाला ते वाया गेल्यासारखं वाटेल, कापू नका. १६१८ मध्ये नाताळानंतरच्या बाराव्या रात्री, ६ जानेवारीला, 'प्लेझर रिकन्साइल्ड टु व्हर्च्यू' चालू होता. नाच रेंगाळला तसा राजा जेम्स भर दरबारात ओरडला: नाचत का नाहीत? मला इथे कशाला आणलंत? तेव्हा राजाचा लाडका सरदार बकिंगहॅम याने पुढे होऊन अशा उड्या मारल्या की राजाचा राग गेला. व्हेनिसच्या वकिलातीतला पाद्री बुसिनो याने हे लिहून ठेवलंय. राजाला जॉन्सनचे शब्द ऐकायचे नव्हते, आणि सद्गुणाचा उपदेश तर नव्हताच.

मग हे सगळं निव्वळ खुशामत होतं का? पुष्कळसं होतं. पण अँटिमास्कमधून चिमटाही काढता यायचा. ३ फेब्रुवारी १६३४ ला लंडनच्या वकिलांच्या संस्थांनी मिळून 'ट्रायम्फ ऑफ पीस' केला. खर्च सुमारे २१,००० पौंड, वर शहरातून मिरवणूक. मिरवणुकीत एक माणूस डोक्यावर गाजरांची जुडी आणि मुठीवर खस्सी केलेला कोंबडा घेऊन घोड्यावर बसला होता: कोंबडे गाजरांवर पोसण्याच्या शोधाची मक्तेदारी मला द्या, अशी त्याची मागणी. जेम्सचा मुलगा राजा चार्ल्स तेव्हा सटरफटर मालाच्या मक्तेदाऱ्या देऊन पैसा उभा करत होता. वकिलांनी तेच त्याच्या समोर नाचवलं, आणि राणीला सगळा प्रकार इतका आवडला की पुन्हा प्रयोग करायला लावला. चिमटा बसला की नाही कोण जाणे. दरबाराचा शेवटचा मास्क २१ जानेवारी १६४० चा. त्यात राजा-राणी दोघंही नाचले. नऊ वर्षांनी त्याच चार्ल्सला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाऊसमधून, म्हणजे जिथे तो तरुणपणी नाचला त्याच दालनातून, बाहेर उभारलेल्या वधमंचावर नेलं. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा, पण तालमीच्या शेवटच्या आठवड्यात. आधी सांगितलंत तर सगळे सटर गंभीर होतील.

संहिता कुठे कापायची ते मुलांवर अवलंबून आहे. इंग्रजी काव्य तोंडात बसणारी चार मुलं असतील तर सटरांचा म्हातारा म्होरक्या सायलेनस आणि सटर यांचे संवाद पूर्ण ठेवा, ते चावट आहेत आणि चालतात. वनरक्षकांची राजस्तुती दोन कडव्यांवर आणा. उलट तुमची मुलं नाचापेक्षा बोलण्यात चांगली असतील तर 'ओबेरॉन'च सोडा आणि कवी मिल्टनचा 'कोमस' घ्या. तो १६३४ मध्ये ल्युडलो किल्ल्यात पंधरा, अकरा आणि नऊ वर्षांच्या तीन भावंडांसाठी लिहिलेला आहे. त्यात गोष्ट आहे, मुख्य पात्रं बोलतात आणि हेन्री लॉझची पाच गाणी शिल्लक आहेत. एकच करू नका: 'मास्क ऑफ ब्लॅकनेस'. १६०५ मध्ये राणी आणि तिच्या सख्यांनी हातातोंडाला काळा रंग फासून तो केला. रंग पटकन निघत नसल्याने त्या त्याच रात्री गोऱ्या होऊ शकल्या नाहीत, ते तीन वर्षांनी पुढच्या भागात झालं. काळ्याची गोरी होणं हेच बक्षीस असलेली गोष्ट तुमच्या मुलींसमोर साजरी करावी, असं मला वाटत नाही.

शेवटी खाणं ठेवणार असाल तर टेबलं भिंतीला टेकवून, पाय बांधून ठेवा. 'ब्लॅकनेस'च्या रात्री कुणी घास घ्यायच्या आधीच लोकांच्या रेट्याने टेबलं आडवी झाली. १६१८ ला पहिल्याच हल्ल्यात काचेच्या ताटल्यांचा असा खळखळाट झाला की बुसिनोला गारपीट आठवली. तो वैतागून, थकून घरी निघाला तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. तुमच्याकडे चाळीस मुलं आणि त्यांचे पालक आहेत, तेव्हा वडापाव कागदी प्लेटमध्येच द्या.